काय धरू?

(द्वितीय वर्ष, कला)

'एका हाताने टाळी वाजत नाही' ही म्हण आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भांडण दोघांचे असते, दोषही दोघांचा असतो, एवढाच तिचा अर्थ. पण ज्याचा एकच हात नीट चालतो त्याच्या कानावर ती पडली, की तिचा अर्थ जरा निराळा होतो. आपल्या भाषेत तर हाताचे वाक्प्रचार पावलोपावली भेटतात. मदतीला आपण हातभार म्हणतो, कौशल्याला हातोटी म्हणतो, एखाद्या कामात तरबेज असलेल्या माणसाचा त्यात हातखंडा आहे असे म्हणतो, आणि निरुपाय झाला की हात टेकले म्हणतो. जणू माणूस म्हणजे दोन हात, आणि हात कमी तर माणूसही तेवढा कमी! टाळी एका हाताने वाजत नाही हे मला मान्य आहे. परंतु टाळी वाजवणे हे काही फार मोठे काम नव्हे. विमान मात्र एका हाताने तयार होते, आणि उडतेही. हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या पाच वर्षांत मी लहानमोठी चौदा विमाने बनवली आहेत.

विमाने म्हणजे अर्थात प्रतिकृती. त्यांचेही दोन प्रकार असतात. एक कपाटात ठेवायच्या. त्या दिसायला हुबेहूब, रंगीत, पण जागच्या जागी बसलेल्या. दुसऱ्या उडणाऱ्या, त्या दिसायला साध्या असल्या तरी हवेत टिकल्या पाहिजेत. मला दुसऱ्या प्रकारातच रस आहे. थर्माकोल, बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद आणि रबर एवढ्या सामानावर हे काम चालते. एनसीसीच्या हवाई शाखेत ही विद्या रीतसर शिकवली जाते. आमच्यासारख्यांना ती जमेल तशी शिकावी लागते. आमच्या आश्रमशाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याची अरविंद गुप्ता यांची पुस्तके आम्हांला दाखवली होती. पुण्याच्या 'आयुका' संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे हेच काम केले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काड्या, कागद आणि रबराचे तुकडे यांतूनही विज्ञान शिकता येते, हे मला त्या पुस्तकांनी सांगितले. माझी पहिली घसरपट्टी विमाने, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगणारी, तिथेच झाली.

माझ्या हाताविषयी एकदाच सांगते. माझा जन्म तळोदा तालुक्यातल्या पायथ्याच्या गावी भर पावसाळ्यात झाला. नाल्याला पूर होता, म्हणून बाळंतपण घरीच झाले. खांदा अडकला, ओढाताण झाली आणि मानेजवळचे मज्जातंतू दुखावले. डावा हात छातीच्या वर जात नाही. बोटे मिटतात, पण त्यांत जोर नाही. चिमटीत काही धरता येत नाही. दुखत मात्र नाही, आणि उजवा हात उत्तम आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. ज्या घरात दोन हातांच्या मजुरीवर पोट भरते, त्या घरात 'एका हाताच्या मुलीचे पुढे कसे होणार?' हा प्रश्न सहज विचारला जातो. त्यात वाईटपणा नसतो, हिशोब असतो. मला त्या हिशोबाविषयीच बोलायचे आहे, कारण तो चुकीच्या गृहीतावर मांडलेला आहे असे माझे मत आहे.

आपण समजतो की काम दोन हातांचे असते. वस्तुतः काम असते धरण्याचे आणि करण्याचे. एक हात धरतो, दुसरा करतो. खिळा एक हात धरतो आणि हातोडी दुसरा मारतो. कागद एक हात दाबतो आणि कात्री दुसरा चालवतो. यांतला करणारा हात हवाच, त्याला पर्याय नाही. पण धरणारा हात हाच असला पाहिजे असे कोणी सांगितले? धरण्याचे काम पाय करू शकतो, गुडघा करू शकतो, दगड करू शकतो, खिळा करू शकतो. ही गोष्ट आमच्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांना केव्हाच कळलेली आहे.

आपल्या स्वयंपाकघरातील विळी घ्या. सुरीने कांदा चिरायचा तर एका हातात सुरी आणि दुसऱ्या हाताने कांदा धरायचा. विळीचे तसे नाही. पाते पाटाला बसवलेले आणि पाट पायाखाली दाबलेला. हत्यार पायाने धरले, हात मोकळे झाले. मी विळीवर भाजी चिरते ती एका हाताने, आणि वेळही फारसा जास्त लागत नाही. सुरी दिली तर मात्र माझी पंचाईत होते. म्हणजे अडचण माझ्या हातात आहे की हत्याराच्या घडणीत? भाकरीचेही तेच. मी आठ-नऊ वर्षांची असताना आईने परातीखाली ओले फडके घालून दिले. परात सरकायची थांबली आणि माझी भाकरी थापली जाऊ लागली. आईने त्याला काही नाव दिले नाही. तिच्या दृष्टीने ते फक्त ओले फडके होते. मला मात्र आज वाटते की माझ्या शिक्षणातला तो पहिला धडा होता.

कारागिरांकडे पाहा. सुतार लाकूड पायाने दाबून रंधा मारतो. चांभार चामडे पायांत धरतो. शिवणयंत्राचे पायटे आले आणि चाक फिरवण्याचे काम पायांकडे गेले, तेव्हा शिंप्याचे दोन्ही हात कापडाला मिळाले. माझे आजोबा बांबूच्या टोपल्या विणत. बांबूची पट्टी पायाच्या अंगठ्याखाली धरून ते कोयत्याने अशी काही तासत, की कागदासारखी पातळ सालपटे निघत. या सगळ्यांचे दोन्ही हात धडधाकट होते. तरीही त्यांना तिसरा धरणारा लागलाच. मग आमच्यासारख्यांना दुसरा धरणारा लागला तर त्यात नवल ते काय?

आता विमानाकडे येते. थर्माकोलच्या शीटमधून पंख कापताना पट्टी सरकू नये म्हणून लोक ती डाव्या हाताने दाबतात. मी स्टीलच्या पट्टीखाली सायकलच्या ट्यूबच्या चिंध्या चिकटवल्या आणि दोन्ही टोकांवर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या विटा ठेवल्या. पट्टी जागची हलत नाही आणि पात्याची रेघ सरळ येते. चिकटवण्याच्या कामात तर गंमतच आहे. झटकन चिकटणारे फेव्हिक्विक थर्माकोलला चालत नाही, ते थर्माकोल खाऊन टाकते. त्यामुळे फेव्हिकॉल लावावा लागतो आणि तो वाळायला कित्येक तास जातात. एवढा वेळ पंख धरून बसणे एका हातालाही शक्य नाही आणि दोन हातांनाही नाही. टाचण्या आणि कपड्यांचे चिमटे सर्वांनाच लावावे लागतात. म्हणजे या पायरीवर आपण सगळेच सारखे.

विमानाचे पंख अगदी सपाट ठेवून चालत नाही. दोन्ही टोके थोडी वर उचललेली असावी लागतात, म्हणजे विमान एका बाजूला कलले तरी आपोआप सावरते. ही उंची दोन्हीकडे सारखी हवी. मी दोन्ही टोकांखाली सारख्याच काड्यापेट्या रचते आणि फेव्हिकॉल वाळेपर्यंत त्याकडे पाहतही नाही. मग तोल. विमान जिथे तोलून राहते ती जागा पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक-तृतीयांश रुंदीवर यावी लागते. ती तपासायला लोक दोन्ही हातांची तर्जनी पंखांखाली धरतात. मी थर्माकोलच्या ठोकळ्यात दोन पेन्सिली उभ्या खोचल्या आहेत. विमान त्यांवर ठेवायचे. शेपूट खाली गेले तर नाकाला थोडी चिकणमाती लावायची, नाक खाली गेले तर काढायची. बोटे थरथरतात, पेन्सिली थरथरत नाहीत. माझ्या वर्गातल्या दोन हातांच्या मित्रांनीही आता त्याच पेन्सिली वापरायला सुरुवात केली आहे.

सर्वांत अवघड काम रबराचे. रबराच्या विमानात नाकापासून शेपटीकडे रबराचा पीळ ताणलेला असतो. पंखा उलटा फिरवून त्याला शे-दोनशे पीळ द्यायचे आणि सोडून द्यायचे. पीळ देताना एक हात विमान धरतो आणि दुसरा पंखा फिरवतो. इथे माझे अनेक महिने गेले. शेवटी एका फळीवर दोन खुंट्या ठोकल्या, शेपटीकडच्या भागातून आरपार एक काडी घातली आणि ती खुंट्यांच्या खाचांत अडकवली. विमान फळीला बांधलेल्या वासरासारखे उभे राहिले. पीळ भरला की उजव्या हाताने नाकाजवळ पकड घ्यायची, त्याच हाताच्या बोटाने पंख्याचे पाते अडवायचे, काडी सुटी करायची, आणि विमान सोडताना बोटही सोडायचे. पुढे वाचताना मला कळले की जगभरचे रबर-विमानवाले एकटे असले की अशीच एक घोडी वापरतात, तिच्यात विमान अडकवून ते पीळ भरतात. त्यांचे दोन्ही हात शाबूत असतात. मी ज्याला माझ्या व्यंगावरचा तोडगा समजत होते, ते त्या विद्येतले नेहमीचे अवजार निघाले! त्या दिवशी मला जो आनंद झाला तो विमान उडाल्याच्या आनंदापेक्षा कमी नव्हता.

रेडिओवर चालणारे विमान मी अजून उडवलेले नाही. ते आमच्या ऐपतीत नाही. त्याच्या नियंत्रकावर साधारणतः दोन दांड्या असतात, दोन अंगठ्यांसाठी. पण एकाच दांडीचे नियंत्रकही परदेशात बनत असत. दांडी पुढेमागे करायची, डावी-उजवीकडे करायची आणि तिच्या टोकावरची मूठ पिळायची. अशी तीन कामे एकाच हाताने होत. ते काही अपंगांसाठी म्हणून काढलेले नव्हते. कित्येकांना तेच सोयीचे वाटे. सोय ही दया नसते, हे यावरून ध्यानात यावे.

या छंदाचा इतिहासही याच दिशेला बोट दाखवतो. रबराच्या पिळावर उडणारे आणि स्वतःचा तोल स्वतः सांभाळणारे पहिले विमान ज्याने उडवले तो आल्फोन्स पेनो हा फ्रेंच तरुण. वडील नौदलात मोठे अधिकारी होते, परंतु कंबरेच्या सांध्याच्या दुखण्यामुळे याला नौदलात जाता आले नाही. कुबड्यांच्या आधाराने तो चालत असे. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्याने आपली प्रतिकृती उडवून दाखवली. ११ सेकंदांत तिने सुमारे ४० मीटर अंतर कापले. पंखांची टोके वर वळवलेली आणि मागे शेपूट, ही रचना आजही आमच्या थर्माकोलच्या विमानांत तशीच आहे. पेनोने रबरावर उडणारे खेळण्यातले हेलिकॉप्टरही केले होते. त्याच धर्तीचे एक खेळणे १८७८ मध्ये अमेरिकेतल्या एका पाद्र्याने आपल्या दोन लहान मुलांसाठी घरी आणले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑरव्हिल राइट. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे पहिले उड्डाण झाले, तेव्हा विमान १२ सेकंदांत ३६ मीटरांच्या थोडे पुढे गेले. म्हणजे माणसाला घेऊन उडालेले पहिले विमान हवेत राहिले जवळजवळ तेवढाच वेळ, जेवढा वेळ कुबड्यांवर चालणाऱ्या एका तरुणाचे सोळा ग्रॅमचे खेळणे राहिले होते. पेनो १८८० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी गेला. त्याने स्वतःचे जीवन संपवले. मोठे विमान बांधण्याची त्याची योजना कागदावरच राहिली, कारण तिला पैसा उभा करणारे कोणी मिळाले नाही. त्याच्या पायांमुळे त्याची प्रतिकृती अडली नाही. तो अडला तो आधाराअभावी.

आता मूळ मुद्द्यावर येते. गेल्या वर्षी विद्यार्थ्यांच्या कलाकौशल्याचे एक प्रदर्शन भरले होते. कोठे, ते सांगण्याचे कारण नाही. आठ-दहा जणांनी विमाने आणली होती. माझे विमान प्रवेशद्वाराजवळ एका स्वतंत्र टेबलावर ठेवण्यात आले. त्यावर फुले होती आणि 'दिव्यांग विद्यार्थिनीची जिद्द' अशी सुंदर अक्षरातली पाटी होती. पाहुण्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, छायाचित्र काढले, मला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळाले. दुपारी बाकीची विमाने मैदानावर नेऊन उडवली गेली आणि त्यांना घड्याळ लावून क्रमांक देण्यात आले. माझे विमान टेबलावरच राहिले. ते उडते का, हे कोणी विचारलेच नाही. संयोजकांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मला पक्के ठाऊक आहे. उलट ते पडले, मोडले तर मला वाईट वाटेल, असेच त्यांना वाटले असावे. परंतु मित्रहो, विमान मोडण्याचा अधिकारसुद्धा एक अधिकार आहे! पहिल्या क्रमांकाचे विमान त्या दिवशी १७ सेकंद हवेत होते. माझे तेच विमान वसतिगृहामागच्या मैदानावर २३ सेकंद राहिले आहे. मला बक्षीस हुकल्याचे दुःख नाही. दुःख याचे आहे की जे काम मी केले ते कोणी पाहिले नाही, जो हात मला नाही तो सर्वांनी पाहिला.

काही जण म्हणतील, खेळांत अपंगांसाठी वेगळे गट असतातच ना? जरूर असतात, आणि ते योग्यच आहेत. सांगली जिल्ह्यातल्या करगणी गावच्या सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटर फेक करून रौप्यपदक मिळवले. लहानपणीच्या अपघातामुळे त्यांचा एक हात अधू झालेला आहे. गोळा तर सगळेच एका हाताने फेकतात. पण फेकताना शरीराचा तोल सावरायला दुसरा हात लागतो, म्हणून त्यांचा गट वेगळा. पण तिथेही गोळा मीटरमध्ये मोजला जातो, जिद्दीत नव्हे. मोजलेच नाही, नुसते कौतुक केले, असे तिथे होत नाही. आणि जिथे शरीर नव्हे, वस्तू स्पर्धेत उतरते, तिथे वेगळ्या टेबलाची गरजच काय? आपल्याला किती हातांनी बनवले, हे विमानाला माहीत नसते.

दुसरी गोष्ट मदतीची. मला मदत नको असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. पंखावर पतंगाचा कागद दोन्हीकडून सारखा ताणून बसवणे मला एकटीला आजही जमत नाही. परंतु मदतीचे दोन प्रकार आहेत आणि ते दोन वाक्यांवरून ओळखता येतात. पहिले वाक्य असते, 'दे, मी करते.' हे वाक्य मी आजवर हजारदा ऐकले असेल. ते बोलणारे मनाने चांगले असतात. ते वस्तू हातातून घेतात, त्यांच्या पद्धतीने पूर्ण करतात आणि परत देतात. ती वस्तू मग माझी राहत नाही. एकदा असेच कोणी तरी पंख घाईने चिकटवून दिला. त्याला किंचित पीळ बसला आणि विमान गोल गोल फिरत खाली आले. पाहणारे हळहळले, 'एका हाताने एवढे केले हेच खूप.' ज्या हातांनी बिघडवले ते दोन होते, आणि दोष गेला माझ्या एका हाताकडे!

दुसरे वाक्य माझी खोलीतली मैत्रीण बोलते. ती येऊन बसते आणि विचारते, 'काय धरू?' बस्स, एवढेच. मी सांगते तिथे ती कागदाचे टोक धरते, मी सांगते तेव्हा सोडते. तिला विमानातले फारसे कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. चुकले तर चूक माझी, साधले तर काम माझे.

हे फार सूक्ष्म वाटत असेल तर संक्रांतीचे उदाहरण घ्या. त्या दिवशी आपल्या नंदुरबारच्या गच्च्यागच्च्यांवर पतंग उडवणारे असतात, आणि त्यांच्या मागे फिरकी धरणारे असतात. दोन धडधाकट हात असूनही पतंगबाजाला फिरकी धरायला माणूस लागतोच. म्हणून त्याला कोणी बिचारा म्हणत नाही. आणि फिरकी धरणाऱ्यानेही कधी 'दे, मी उडवतो' म्हणून दोरा हिसकावून घेतलेला चालत नाही. पेच त्याने लढवायचा ज्याच्या हातात दोरा आहे. आम्हांला फिरकी धरणारे हवे आहेत, दोरा घेणारे नकोत. माझे म्हणणे याहून अधिक नाही.

ही गोष्ट फक्त विमानांपुरती असती तर वार्षिक अंकाची एवढी पाने मी अडवली नसती. अधू हात, अधू पाय, मंद दृष्टी असलेले विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयात असतात. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवाव्यात असे तो कायदा सांगतो. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळण्याचीही तरतूद आहे. हे सर्व मोलाचे आहे आणि ते ज्यांनी मिळवून दिले त्यांचे ऋण मोठे आहे. पण माझेच उदाहरण पाहा. मी उजव्या हाताने चांगले लिहिते, मला लेखनिक नको. दहावीच्या परीक्षेत माझी अडचण होती ती उत्तरपत्रिका बाकावर सरकण्याची आणि पुरवणीला दोरा बांधण्याची. दोऱ्याची गाठ एका हाताने पडत नाही. तेव्हा पर्यवेक्षक म्हणाले, 'लेखनिक का नाही घेतला?' मला लिहिणारा नको होता, धरणारे काही तरी हवे होते. चार चिमट्यांची एक लिहिण्याची पाटी पुरली असती. अपंग म्हणा, दिव्यांग म्हणा. नाव बदलल्याने गाठ पडत नाही, चिमट्याने पडते.

आपल्या महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. कुष्ठरोगाने ज्यांची बोटे झडली किंवा वाकडी झाली, त्या माणसांनी तिथे विहिरी खणल्या, शेती पिकवली, घरे बांधली, कारखाने चालवले. त्यांना भीक घालणारे लोक पूर्वीही होतेच. बाबांनी त्यांना काम दिले आणि कामाची साधने दिली. भीक आणि साधन यांतला फरक ज्या महाराष्ट्राने आनंदवनात पाहिला, त्याच महाराष्ट्रात आम्ही ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनी शाल आणि नारळ घेऊन फोटोला उभे राहतो, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

म्हणून गुरुजनांना आणि विद्यार्थी प्रतिनिधींना काही सूचना नम्रपणे कराव्याशा वाटतात. सत्काराच्या एका समारंभाला जो खर्च येतो तेवढ्यात एका खोलीत एक मजबूत टेबल, त्याला बसवलेला एक लोखंडी वाईस, दोन-चार क्लॅम्प, खाली रबर लावलेल्या पट्ट्या आणि चिमट्यांच्या लिहिण्याच्या पाट्या एवढे सामान सहज येईल. त्या टेबलावर 'दिव्यांगांसाठी' अशी पाटी लावू नये. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना नकाशे कापायला, नाटकवाल्यांना मुकुट चिकटवायला, भित्तिपत्रकवाल्यांना कागद ताणायला ते टेबल लागेलच. माझ्या पेन्सिली जशा सर्वांच्या झाल्या, तसेच तेही सर्वांचे होईल. दुसरी सूचना प्राध्यापकांना. वर्गात किंवा प्रात्यक्षिकात कोणाला अडचण आहे असे दिसले तर त्याचे काम दुसऱ्याला देण्याआधी, 'तुला नेमके काय धरायला हवे?' असे त्यालाच विचारावे. उत्तर बहुधा फार स्वस्त निघते. तिसरी सूचना मित्रमैत्रिणींना. ती तर वर येऊनच गेली आहे.

घरच्या हिशोबाविषयी म्हणाल, तर तो अजून पुरता सुटलेला नाही. माझ्या छंदातून पोट भरेल असे मी म्हणत नाही, बी.ए. झाल्यावर काय, हा प्रश्न जसा तुम्हांला आहे तसाच मलाही आहे. पण 'एका हाताच्या मुलीचे कसे होणार?' याला आता माझ्याजवळ एक उत्तर आहे. कोणते काम धरायचे आणि कोणते करायचे हे वेगळे काढता आले, की बरेच काही होते. माझे वडील शाळेत गेलेले नाहीत, पण हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. गेल्या सुट्टीत त्यांनी माझ्या फळीच्या खुंट्या पाहिल्या आणि काही न बोलता त्यांच्या खाचा कोयत्याने जास्त खोल करून दिल्या.

यंदाच्या प्रदर्शनासाठी माझे पंधरावे विमान तयार होत आहे. ते इतरांच्या विमानांबरोबर एकाच टेबलावर ठेवावे, इतरांबरोबरच मैदानावर न्यावे आणि घड्याळ लावून उडवून पाहावे, एवढीच विनंती आहे. पडले तर पडू द्यावे. दुरुस्त मी करीन.